पांगळेपण आणि दमसास

पाठीच्या कण्याला दुखापत होऊन पाय निकामी झाले की रुग्णाने पडून राहावे, ही आपल्याकडील समजूत घातक आहे. मज्जारज्जूला इजा होताच पायांचे मोठे स्नायू कामातून जातात. इजा मानेत वा छातीच्या वरच्या भागात असेल, तर हृदयाची गती वाढविणारे संदेशही खंडित होतात. थोड्या श्रमाने धाप लागते, म्हणून हालचाल घटते आणि पुढे हृदयविकार गाठतो. हे चक्र हातांच्या व्यायामाने रोखता येते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची किमान अपेक्षा फार मोठी नाही : आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे दम लागेल असा व्यायाम, आणि जोडीला स्नायूंना बळ देणारा व्यायाम.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पांगळे झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. ते सैनिक होते. लष्करी रुग्णालयाचा आधार त्यांना लाभला. परंतु इमारतीवरून पडलेल्या गवंड्याला रुग्णालयातून घरी धाडल्यावर त्याची चौकशी कोण करतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या तिसाव्या कलमाने क्रीडासुविधांची फेररचना शासनावर सोपविली आहे. तरीही नगरपालिकेची व्यायामशाळा तीन पायऱ्या चढूनच गाठावयाची असेल, तर त्या गवंड्याला वैद्याचा सल्ला आणि कायद्याचे कलम दोन्ही दारातूनच वाचावे लागणार.