नको तिथे लागलं, तर लपवू नका

संध्याकाळी भाईंदरच्या इंद्रलोकात सोसायटीच्या आवारात क्रिकेट रंगतं. एखादा चेंडू एखाद्याला नको तिथे लागतो. बाकीची पोरं हसतात. तो घरी येऊन म्हणतो, ‘काही नाही.’ या ‘काही नाही’वर विसंबू नका.

अंडकोषाला मार लागला की कळ पोटात जाते, मळमळतं. आईच्या पोटात असताना बाळाचे अंडकोष मूत्रपिंडाजवळ तयार होतात, मग खाली उतरतात. त्यांच्या नसा वरूनच येतात. म्हणून मुलगा ‘पोट दुखतंय’ म्हणाला, तर खाली दुखतंय का, तेही विचारा.

मार लागला तर आधी आडवं करा. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. बर्फ थेट कातडीला लावू नका. चोळू नका, शेकू नका, लेप लावू नका. साधी कळ बहुधा तासाभरात ओसरते.

ओसरली नाही, सूज आली, काळंनिळं पडलं, उलटी झाली किंवा लघवीत रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. जाताना खायला-प्यायला देऊ नका. ऑपरेशन लागू शकतं.

आणखी एक ध्यानात ठेवा. काही न लागताही अंडकोषाला पीळ बसतो, कधी झोपेतसुद्धा. १२ ते १८ वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. एका बाजूला अचानक जोराची कळ येते, रक्त पोहोचणं थांबतं. सहा तासांच्या आत पीळ सोडवला, तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो. रात्री दोनला दुखू लागलं आणि तुम्ही सकाळच्या ओपीडीची वाट पाहिली, तर ते सहा तास घरातच संपतात. उशीर झाला असला तरी जाच.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे आपलं टेंभा, भाईंदर पश्चिमेला आहे. रात्री सोनोग्राफी आणि सर्जन कुठे मिळतात, हे आजच विचारून ठेवा. नंबर फ्रिजवर चिकटवा.

सीझन बॉलने खेळणाऱ्याला त्या जागेचं गार्ड घेऊन द्या. आणि आज जेवताना मुलाला स्पष्ट सांगा: ‘तिथे दुखलं तर रात्री कितीही वाजता उठव. कुणी हसणार नाही, कुणी रागावणार नाही.’