हसणारा माणूस लाचार नसतो

वाचकहो, हसतमुख माणसाला लाचार ठरविण्याची आपल्याला फार घाई असते. लुई आर्मस्ट्राँगचे फोटो पाहून आमचीही तीच चूक झाली होती. एका हातात ट्रम्पेट, दुसऱ्यात पांढरा रुमाल आणि बत्तिशी दिसेल एवढे हसू! गोऱ्यांपुढे इतके कशाला हसायचे, असे आम्हांला वाटे. त्याच्या कित्येक कृष्णवर्णीय बांधवांनीही त्याला हाच बोल लावला होता.

१९०१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये, अठराविश्वे दारिद्र्यात तो जन्मला. लहानपणी त्याने कोळशाच्या गाडीवर काम केले. १९१२ च्या अखेरच्या रात्री हवेत पिस्तूल झाडले म्हणून त्याची रवानगी सुधारगृहात झाली. तेथेच कॉर्नेटचे रीतसर धडे मिळाले आणि पुढे जाझ संगीताला नवे वळण देणारा कलावंत घडला.

त्याचा स्वभाव मोठा मिस्कील. पत्राखाली 'आपला विश्वासू' लिहावे, तर हा गडी आवडत्या राजमा-भाताच्या नावाने सही करी!

१९३१ साली मेम्फिस शहरात तो बसमध्ये मॅनेजरच्या गोऱ्या पत्नीशेजारी बसलेला दिसला. एवढ्यावरून पोलिसांनी बँडला कोठडीत टाकले. सुटल्यावर रेडिओवरील कार्यक्रमात त्याने एक गाणे मेम्फिसच्या पोलिसांना मोठ्या अदबीने अर्पण केले. गाणे कोणते? एका लबाडाच्या मरणाची आनंदाने वाट पाहणारे! साथीदारांच्या पोटात गोळा आला. पण पोलीस उलट आभार मानायला आले, असे साथीदार पुढे सांगत.

मात्र प्रत्येक गोष्ट त्याने हसण्यावारी नेली नाही. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेच्या दारात अडविले गेले. तेव्हा सरकार गेले खड्ड्यात, असे तो वार्ताहराला उघड बोलला आणि सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा त्याने नाकारला. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवू नये असा कायदा त्याच्या राज्याने १९५६ साली केला, तर जन्मगावी त्याने १९६५ पर्यंत कार्यक्रमच केला नाही.

म्हणून मायबापहो, घरातले एखादे पोर चारचौघांत हसून बोलत असेल, तर त्याला लगेच भित्रे म्हणू नका. ते कोणत्या गोष्टीवर हसायचे थांबते, तेही पाहा.