पहिले हजार किलोमीटर

आपल्याकडे नव्या वस्तूचे दोनच प्रकारे स्वागत होते. एक तर तिला प्लॅस्टिकच्या वेष्टणातून बाहेर काढायचेच नाही, नाही तर पहिल्याच दिवशी तिचा पिट्टा पाडायचा. सोफा हे दोन्ही सोसतो. मोटारीचे इंजिन, त्यातही नव्याने बांधलेले टर्बो इंजिन, यांतले काहीच सोसत नाही.

बँकेतला निवृत्त अधिकारी, वर कादंबऱ्या लिहिणारा, त्याचा आणि इंजिनाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध एवढाच, की नोकरीतली काही वर्षे माझी कोल्हापुरात गेली आणि शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्यांचे, बोअरिंगवाल्यांचे कर्जाचे कागद माझ्या टेबलावरून गेले. कर्ज मंजूर करण्याआधी शेड पाहावी लागे. यंत्र पाहायला गेलेला साहेब हळूहळू काम पाहत थांबू लागला. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

टर्बो ही आता शर्यतवाल्यांची मक्तेदारी राहिलेली नाही. सोसायटीच्या आवारातल्या एक लिटरच्या छोट्या मोटारीतही ते असते. कल्पना मात्र जुनी. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. पण ही ताकद फुकटची नव्हे. तिचे व्याज उष्णतेच्या आणि दाबाच्या रूपाने भरावे लागते. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा तो शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की सगळे संपले.

असे इंजिन धूर मारू लागले, ऑइल पिऊ लागले, की "भंगारात द्या, नवीन घ्या" असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. ज्या १९८३ साली मी बँकेत लागलो, त्याच साली नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. टर्बो इंजिनाच्या जोरावर मिळालेले ते पहिले विश्वविजेतेपद. बीएमडब्ल्यूच्या त्या दीड लिटरच्या इंजिनासाठी रस्त्यावर लाखभर किलोमीटर धावलेल्या जुन्या मोटारींचे ब्लॉक वापरले गेले होते. ओतकामात अडकून राहिलेला ताण इतक्या वापराने निघून गेलेला असतो आणि असे लोखंड जास्त भरवशाचे ठरते. तेव्हा वापरलेले म्हणजे टाकाऊ नव्हे.

मात्र ते पुन्हा बांधणे म्हणजे नुसते सुटे भाग बदलणे नव्हे. सिलिंडर बोअर करून झाले की होनिंग करतात. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडतात, कारण ऑइल त्या रेघांत धरून राहते. मग रिंगा. रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावी लागते. सिलिंडर ८० मिलिमीटरचे असेल तर साध्या इंजिनात ती ढोबळमानाने ०.३ मिलिमीटर पुरते, जोरकस टर्बोला ०.४ च्या वर लागते. तापलेली रिंग फुगते. टोके एकमेकांना भिडली तर रिंग मोडते आणि पिस्टनही फुटू शकतो. म्हणून मिस्त्री रिंग सिलिंडरमध्ये ठेवतो, फिलर गेजने फट मोजतो, काढतो, कानस मारतो, पुन्हा मोजतो. चार सिलिंडर, प्रत्येकी दोन कॉम्प्रेशन रिंगा, म्हणजे आठ वेळा हाच उद्योग. आणि दारात गिऱ्हाईक उभे असते, "मिस्त्री, दसऱ्याला गाडी मिळंल न्हवं?"

गाडी मिळते. खरी परीक्षा पुढेच असते. पूर्वी नव्या फियाटच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी असे. गाडी हळू चालवायची, एवढाच तिचा अर्थ आपण घेतला. तो अर्धाच खरा आहे. रिंग भिंतीशी नीट बसते ती तिच्यामागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने. इंजिन तासन्‌तास नुसते सुरू ठेवले, किंवा महामार्गावर एकाच संथ वेगाने चालवत राहिले, तर रिंगा बसण्याआधीच भिंत चकचकीत होते आणि गाडी पुन्हा ऑइल पिऊ लागते. उलट पहिल्याच दिवशी टर्बोचा पूर्ण जोर लावला, तर न बसलेल्या रिंगा भिंत ओरबाडतात.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री बांधलेली गाडी आधी पन्हाळ्याच्या रस्त्याला नेत. इंजिन तापू द्यायचे, चढाला मध्यम जोर द्यायचा, उताराला गिअरमध्येच पाय काढून घ्यायचा, वेग सारखा बदलता ठेवायचा. परतल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलायचा, कारण पहिल्या ऑइलमध्ये धातूची भुकटी उतरते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "साहेब, पोराला मांडीवरनं खाली ठेवल्याबिगर ते चालायला शिकत न्हाई. पण म्हणून पहिल्याच दिवशी जोतिबाच्या पायऱ्या चढवायच्या न्हाईत."

बँकेत नव्या अधिकाऱ्यांचे मी हेच पाहिले. ज्यांना दोन वर्षे नुसत्या फायली हलवायला ठेवले ते चकचकीत राहिले, निर्णय घ्यायला कधी शिकले नाहीत. ज्यांना आल्याआल्या अवघड शाखा दिली, त्यांतले काही कायमचे धास्तावले. घरातल्या मुलांचे वेगळे ते काय सांगावे?

माझे म्हणणे एवढेच आहे. सुटे भाग पैशाने मिळतात, चुकलेली सुरुवात मिळत नाही. तरी आपण पिस्टनच्या बिलावर मुकाट्याने सही करतो आणि घासाघीस करतो ती मजुरीत आणि दिवसांत. मग घाईने बांधणाऱ्याकडे रांग लागते आणि आठ वेळा मोजणारा मागे पडतो. तो मागे पडला, की त्याचा मुलगा त्या धंद्यात येत नाही. कर्जाच्या अर्जावर यंत्राच्या किमतीचा रकाना असे, मोजणाऱ्या हाताचा नसे. बँकेला तो हात तारण धरता आला नाही. निदान गिऱ्हाइकाने त्याची किंमत करावी. मिस्त्री चार दिवस जास्त मागत असेल तर द्यावेत. झेंडूचा हार दसऱ्याला नाही, दिवाळीला घालावा.