जू उतरविण्याची विद्या

आमच्या सोलापुरातील एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी चीनच्या प्रवासातून अर्हू नावाचे वाद्य आणले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली ज्या देशात रुग्णसेवेसाठी गेले आणि 1942 साली जेथे त्यांनी देह ठेविला, त्या देशाची एखादी नादमय खूण त्यांच्या जन्मगावी असावी, हा हेतू स्तुत्यच होता. महिन्या-दोन महिन्यांनी वाद्य खाली काढावे, घटकाभर गज फिरवावा आणि पुन्हा खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात उभे करावे, असा क्रम चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचे कातडे घोडीखाली खचले व कडेला फाटले. "चिनी माल, दुसरे काय!" असा निकाल देऊन आमचे स्नेही मोकळे झाले. हा निकाल आम्हांस मान्य नाही. अपराध त्या अज्ञात कारागिराचा नसून आपल्यात मुरलेल्या एका समजुतीचा आहे. वाद्य वाजते तेवढाच वेळ त्याची चिंता करावयाची, एरवी ते केवळ 'ठेवलेले' असते, ही ती समजूत होय.

वस्तुस्थिती हिच्या नेमकी उलट आहे. अर्हूला तारा दोनच. लहानशा लाकडी पेटीच्या तोंडावर अजगराचे कातडे ताणलेले, त्यावर बोटाच्या पेराएवढी घोडी, आणि गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले. दोन्ही तारांचा दाब त्या घोडीच्या पायांवाटे कातड्यावर पडतो. वाजविताना हा दाब हवाच, कारण नाद त्यातूनच निघतो. परंतु वादन एक तासाचे आणि उभे राहणे तेवीस तासांचे. त्या तेवीस तासांत तोच दाब कातड्याला मुकाट्याने खाली रेटीत असतो. म्हणून जाणता वादक वादन संपताच घोडीच्या वरच्या अंगास, पेटीच्या लाकडी काठावर, तारांखाली पेन्सिलीचा तुकडा सरकवितो. तारा उचलल्या जातात आणि कातडे श्वास घेते. गजाचे केस तो सैल करतो. तारांवर व कातड्यावर सांडलेली राळेची पांढरी भुकटी मऊ, कोरड्या फडक्याने टिपतो. पाणी किंवा तेल कातड्यास लावीत नाही. या साऱ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

सोलापुरात तर ही पाच मिनिटे अधिकच मोलाची. चैत्र-वैशाखात येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि कातडे कोरडे पडून ताठरते. आषाढात तेच दमटपणाने ढिले होते. दिवसभर पाण्याचा कूलर चालवून रात्री तो बंद करणाऱ्या खोलीत हे दोन्ही ऋतू एकाच दिवसात येऊन जातात! अशा हवेत वाद्य बंद पेटीत, उन्हापासून व कूलरच्या झोतापासून दूर ठेवावयास हवे. काचेचे कपाट पाहुण्यांच्या सोयीचे, वाद्याच्या नव्हे. आणि गेलेले कातडे परत कोठून आणावयाचे? आपल्याकडे 1972 च्या कायद्याने अजगरास संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणजे येथे दुरुस्तीचा मार्ग जवळजवळ खुंटलेला. निगा हाच एक मार्ग.

यावर कोणी म्हणतील, रोज वाजविणारे कित्येक वादक घोडीला हातही लावीत नाहीत. खरे आहे. परंतु त्यांची नजर व बोटे रोज त्या कातड्यावरून फिरतात. किंचित बदल झाला तरी कान सांगतो. महिन्याने एकदा वाद्य काढणाऱ्याने त्यांचा दाखला देणे म्हणजे पैलवानाचा आहार पाहून अपचनाच्या रोग्याने ताट वाढून घेणे होय.

हा प्रश्न एका परक्या वाद्यापुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आपल्या सारंगीलाही कातडेच आहे. शिवाय तीन मुख्य तारा आणि त्यांखाली तरफांचे दाट रान. तिच्या ऱ्हासाचे खापर आपण हार्मोनियमवर फोडतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. तरी पेटी बैठकीतून उठली नाही. तिच्या विजयाची कारणे अनेक असतील. पण तिला कोपऱ्यात ढकलून विसरता येते, हे त्यांतील एक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या समाजाला वादनोत्तर पाच मिनिटे जड वाटतात, त्याच्या वाट्याला विसरण्याजोगीच वाद्ये यावयाची. आपण विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी गज धरावयास शिकवितो. तो खाली कसा ठेवावा, हे मात्र शिकवीत नाही.

खंडेनवमीला आपण वाद्यांना फुले वाहतो. जरूर वाहावीत. परंतु आपल्या शेतकऱ्याकडे पाहावे. तो बैलाची पूजा वर्षातून एकदा करतो, पण जू मात्र रोज संध्याकाळी उतरवितो. रात्रभर जू मानेवर ठेवून पोळ्याला झूल घालणाऱ्यास गावात कोणी भाविक म्हणणार नाही. घोडी हे कातड्यावरचे जूच आहे. आमच्या स्नेह्यांच्या अर्हूने तीन वर्षे ते अहोरात्र वाहिले. कपाटाची काच मात्र नियमितपणे पुसली जात होती.