आरसा की भिंग?

काच एकच, परंतु तिच्या पाठीवर चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ थर चढविला की ती आरसा होते, आणि घासून तिला गोलाई दिली की भिंग होते. आरसा आलेला प्रकाश परत पाठवितो. भिंग त्याला आपल्यातून जाऊ देते. मात्र जाता जाता त्याची वाट वळविते. आपण कसे दिसतो हे आरसा सांगतो. जग कसे आहे हे पाहण्यास भिंग साहाय्य करते. आपल्या घरांतून या दोहोंपैकी आरशाचा शब्द अधिक मानला जातो आणि त्याचे मोल मुलांच्या डोळ्यांना द्यावे लागते, असे माझे मत आहे. ते अनुभवाने बनले आहे.

नववीच्या सहामाही परीक्षेत ‘निकटदृष्टीचा दोष व त्याचे निवारण आकृतीसह स्पष्ट करा’ असा प्रश्न आला होता. मी नेत्रगोल काढला. दूरच्या वस्तूकडून आलेले समांतर किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र आलेले दाखविले. नंतर डोळ्यापुढे अंतर्गोल भिंग ठेवून ते बरोबर दृष्टिपटलावर आणून सोडले. पाचांपैकी पाच गुण मिळाले. परंतु त्याच दिवसांत तिसऱ्या बाकावरून फळ्यावरची अक्षरे मला दिसत नव्हती! डोळे बारीक करून मी काही शब्द लावीत असे. उरलेले शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेत असे. घरी चष्म्याचा विषय निघाला की आजी म्हणे, “अगं, एवढ्यात लावलास तर जन्माचा मागे लागेल. उद्या पाहायला येणारी माणसं काय म्हणतील?” आजीची माया खोटी नव्हती. खरे सांगावयाचे तर आरशातला चष्मा मलाही नकोच होता.

डोळे उघडले ते प्रयोगशाळेत. बाईंनी बहिर्गोल भिंगाने समोरच्या खिडकीची प्रतिमा कागदावर पाडली. ती उलटी, पण गज मोजता येतील इतकी स्पष्ट होती. मग त्यांनी कागद थोडा मागे सरकविला. गज पुसट झाले. कागद तेथेच ठेवून त्यांनी पुढे एक सौम्य अंतर्गोल भिंग धरले, आणि गज पुन्हा उमटले. बाई म्हणाल्या, “हा कागद म्हणजे तुमचं दृष्टिपटल समजा.” माझा कागद मागे सरकला आहे, हे मला त्या क्षणी कळले. जी आकृती मी गुणांसाठी काढली होती, ती माझ्याच डोळ्याची होती.

यात लाजण्यासारखे काय आहे? प्रकाश निर्वात अवकाशात सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो, साध्या काचेत सुमारे 2 लाख. वेग बदलला की तिरपा आलेला किरण वळतो. पाण्यातली पेन्सिल वाकडी दिसते ती याच कारणाने; म्हणून तिला कोणी मोडकी म्हणत नाही. निकटदृष्टीच्या डोळ्यात बहुधा नेत्रगोल किंचित लांब झालेला असतो. एका मिलिमीटरने सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. माझा नंबर उणे 2 निघाला. म्हणजे अर्ध्या मीटरपलीकडचे सारे जग मला धूसर होते.

चष्म्याने नंबर वाढतो, ही समजूतही खरी नाही. वाढत्या वयात नेत्रगोल लांबतो, म्हणून नंबर वाढतो; चष्मा न लावल्याने ते थांबत नाही. आणि गंमत पाहा: पोथी उघडताना आजी स्वतः चष्मा लावते! तिच्या नाकावर बहिर्गोल भिंग, माझ्या नाकावर अंतर्गोल. म्हातारपणीचा चष्मा मानाचा आणि बालपणीचा उणेपणाचा, हा भेद प्रकाशाने केलेला नाही. तो आपण केला आहे.

योहानेस केप्लर या ज्योतिर्विदाची दृष्टी बालपणीच्या देवीच्या आजाराने अधू झाली होती. डोळ्यात प्रतिमा दृष्टिपटलावर उलटी पडते आणि चष्म्याची भिंगे ती नीट जुळवून देतात, हे 1604 च्या ग्रंथात त्यानेच उलगडून दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालाप्रमाणे जगात किमान 220 कोटी माणसांना दृष्टीचा काही ना काही दोष आहे, आणि त्यांतील किमान 100 कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपाय व्हावयाचा आहे. त्यांत आपल्या वर्गातला ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाणारा एखादा मुलगाही असू शकेल. त्याला पहिल्या बाकावर बसविणे ही सोय झाली, उपाय नव्हे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. शाळा उघडताच प्रत्येकाने एकेक डोळा झाकून दूरची अक्षरे वाचून पाहावीत. पुसट दिसल्यास जाड कागदाला टाचणीने छिद्र पाडून त्यातून पाहावे. अक्षरे स्पष्ट झाली तर बहुधा भिंगाची गरज आहे असे समजून नेत्रवैद्याकडे जावे. स्पष्ट झाली नाहीत तरीही जावेच. दररोज मोकळ्या उजेडात खेळावे. त्याने निकटदृष्टी जडण्याचा संभव कमी होतो. आणि पालकांनी मुलीला चष्मा देताना मुलाहून अधिक विचार करू नये.

चष्मा लावून मी प्रथम शाळेबाहेर आले, तेव्हा अंगणातल्या आंब्याची पाने मला वेगवेगळी दिसली. तोवर माझ्यासाठी झाड म्हणजे एक हिरवा ढग होता. घरी गेल्यावर आजीने माझा चष्मा हातात घेतला, आपल्या पदराने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. ती काही बोलली नाही; परंतु पाहायला येणाऱ्या माणसांचा विषय त्यानंतर आमच्या घरी निघालेला नाही.