बीजाची परीक्षा कोण करणार?

लग्नाला तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की आपल्या घरांत तपासणी सुरू होते ती सुनेची. सोनोग्राफी तिची, रक्तचाचण्या तिच्या, उपवास आणि नवस तिचे, हळदीकुंकवातून वगळले जाण्याचा अपमानही तिचाच. पुरुषाला मात्र कोणी एका शब्दाने विचारीत नाही. ‘वांझ’ हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला आहे की पुरुषासाठी तितका धारदार शब्द घडविण्याची गरजच कोणास भासली नाही. आणि हे सारे म्हणे परंपरेने चालत आले आहे!

कोणत्या परंपरेने? आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक संपूर्ण अंग पुरुषाच्या प्रजननसामर्थ्यासाठी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच त्याचा अध्याय येतो. तेथे निष्फळ, एकाच फांदीच्या, सावली नसलेल्या वृक्षाची उपमा दिली आहे ती अपत्यहीन पुरुषाला, स्त्रीला नव्हे. त्याच ग्रंथात पुढे शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. सुश्रुताने गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चार कारणे सांगितली. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासणारा आपला शेतकरी घरात मात्र केवळ जमिनीलाच दोष देतो, याला परंपरा म्हणावे की परंपरेचे विस्मरण? ‘रघुवंशा’तील दिलीप राजाला अपत्य नव्हते, तेव्हा वसिष्ठांनी दोष दाखविला तो राजाचाच, आणि नंदिनीमागे रानोमाळ हिंडण्याचे व्रतही राजानेच केले.

आधुनिक शास्त्राचा निष्कर्ष याहून वेगळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार प्रौढांपैकी सुमारे सहांतील एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातील दोषाचा कमीअधिक वाटा असतो. वीर्यतपासणी ही साधी, वेदनारहित आणि स्वस्त चाचणी आहे. असे असता पत्नीवर शस्त्रक्रिया होईपर्यंत पतीने प्रयोगशाळेची पायरीही चढू नये, हा कोणता पुरुषार्थ?

या लपवाछपवीवरच एक मोठा बाजार पोसला गेला आहे. रस्त्याकडेचे तंबू, रेल्वेमार्गालगतच्या भिंती रंगविणारे ‘गुप्तरोगतज्ज्ञ’, आता भ्रमणध्वनीवरच्या जाहिराती! अशा दाव्यांना आळा घालणारा जादुई उपचारांच्या जाहिरातींविषयीचा कायदा 1954 पासून अस्तित्वात आहे. भिंती मात्र रंगतच राहिल्या. चरकाचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या या पुड्यांत काय असते, हे विकणाराही सांगत नाही. काहींत ॲलोपॅथीची उत्तेजक औषधे गुपचूप मिसळलेली आढळली आहेत. आयुर्वेदाची याहून मोठी बदनामी त्याच्या विरोधकांनीही केली नसेल.

चरकाचा क्रम पाहा. मळकट वस्त्रावर रंग चढत नाही, तसे अशुद्ध देहात वाजीकरण फळत नाही. म्हणून आधी शोधन, मग औषध. आजच्या भाषेत याचा अर्थ साधा आहे. तंबाखू आणि दारू सुटली पाहिजे. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पुडी कोठे मिळते हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. पोटाचा घेर उतरला पाहिजे, झोप पुरेशी हवी. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. भट्टीपुढे राबणाऱ्याने आणि मांडीवर संगणक घेऊन बसणाऱ्यानेही हे ध्यानी ठेवावे. तालमीतल्या दुधाची जागा जिममधल्या स्टिरॉइडच्या सुईने घेतली आहे. दंड फुगतात, पण त्याच सुईने शुक्रनिर्मिती थंडावते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आठ दिवसांत गुण देण्याचे वचन देणारा सरळ खोटे बोलत असतो.

मग उडीद, दूध, तूप, शतावरी, कवचबीज, अश्वगंधा यांचे काय? आहार म्हणून उत्तम. औषध म्हणून ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत. अश्वगंधेने शुक्रजंतूंची संख्या वाढल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत दिसले, पण तिच्यात पुरुष होते अवघे 46. तिकडे अमेरिकेत जस्त आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची 2370 जोडप्यांवर परीक्षा झाली, आणि 2020 मध्ये त्या निरुपयोगी असल्याचे प्रसिद्धही झाले. तेथे आपल्याच दुकानातील माल तपासण्याचे धैर्य आहे. अश्वगंधेच्या देशात तिची तशी परीक्षा का होऊ नये? आयुर्वेदाचा गौरव सभांतून पुष्कळ झाला. आयुर्वेद महाविद्यालयांनी आता हजारो रुग्णांच्या चाचण्या हाती घ्याव्यात.

आणि जेथे शुक्रवाहिनीच बंद आहे, वृषणाच्या शिरा फुगल्या आहेत, किंवा तपासणीत शुक्रजंतू मुळीच आढळत नाहीत, तेथे काढे पीत वर्षे दवडू नयेत. तेथे शल्यचिकित्सकाकडेच जावे. सुश्रुत स्वतः शल्यचिकित्सकच होता. पत्नीचे वय थांबत नाही. तेव्हा पहिल्या भेटीतच दोघांची तपासणी व्हावी, आणि सासूबाईंनी सुनेला दवाखान्यात धाडताना मुलालाही सोबत धाडावे.