माळ्यावरचा संगणक

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण भांड्यांना लावतो, दागिन्यांना लावतो, क्वचित माणसांनाही लावतो. परंतु संगणकाला ती कोणी लावीत नाही. दहा वर्षांचा संगणक म्हणजे अडगळ आणि वीस वर्षांचा म्हणजे भंगार, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत माझाही समज याहून निराळा नव्हता.

आमचे घर दुर्गदबैलालगत आहे. (बाहेरगावचे मराठी पाहुणे हे नाव ऐकून बैलाची चौकशी करतात. कन्नडमध्ये ‘बैलु’ म्हणजे मोकळे मैदान. बैलाचा येथे काही संबंध नाही.) त्या दिवाळीत माळ्यावरून एक जाडजूड लॅपटॉप आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या सात फ्लॉपी खाली आल्या. काका पुण्यास नोकरीस होते. कचेरीने काढून टाकलेला हा संगणक त्यांनी स्वस्तात घेतला होता आणि १९९८ च्या उन्हाळी सुटीत हुबळीस आले असता त्यावर आजीच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. आजी सांगे व काका टंकलेखन करीत. आजी २००४ साली वारली. मी तिला पाहिलेले नाही. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती आणि विजेला जोडूनही पडदा उजळेना. भंगारवाल्याने तो हातात तोलून पाहिला व वजनाचा भाव सांगितला!

येथूनच माझ्या विषयास आरंभ होतो. जगात आज पुष्कळ लोक असे जुने सुटसुटीत संगणक जपतात, दुरुस्त करतात, किंवा यंत्र हाती नसल्यास ‘एम्युलेटर’ वापरतात. एम्युलेटर म्हणजे नव्या संगणकाला जुन्याचे सोंग आणावयास लावणारी आज्ञावली. जुन्या यंत्राच्या मेंदूला मिळणारी प्रत्येक सूचना ती स्वतः वाचते आणि त्या यंत्राने जे केले असते तेच करून दाखविते. जुन्या आज्ञावलीला आपण परक्या घरी आहोत याचा पत्ताही लागत नाही.

असे उचलून नेण्याजोगे संगणक बाजारात रूढ करणारा गृहस्थ आपल्याकडेच वाढलेला होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. अॅडम ऑस्बॉर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले व २००३ साली त्यांचा अंतही कोडाईकनाल येथे झाला. त्यांचा ‘ऑस्बॉर्न १’ हा संगणक १९८१ साली अमेरिकेत विक्रीस आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, स्मृती ६४ किलोबाइट. आतमध्ये बॅटरी नव्हती. उचलून न्यावयाचा आणि जेथे जाऊ तेथे भिंतीतील वीज शोधावयाची! पण त्याबरोबर ‘वर्डस्टार’ ही लेखनाची आज्ञावली मिळे. ती अद्यापि मेलेली नाही. प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी २०१४ साली सांगितले की, आपण इंटरनेट न जोडलेल्या जुन्या संगणकावर वर्डस्टारमध्येच लिहितो. जे यंत्र लिहिण्याशिवाय दुसरे काही करू देत नाही, त्याची महती परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइल हाती घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्यास निराळी सांगावयास नको.

तथापि इंग्रजी लेखकाची आणि आपली गोष्ट एक नव्हे. त्याने तेव्हा लिहिलेले आजही कोणत्याही संगणकावर वाचता येते. आपले येत नाही. बाहेरून जोडावयाची फ्लॉपी-ड्राइव्ह मागवून आम्ही सहा फ्लॉपींतील मजकूर उतरवून घेतला आणि मोठ्या उत्सुकतेने उघडला, तो पडद्यावर नुसती रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे! आजी जणू मंगळावरून बोलत होती.

याचे कारण मागाहून कळले. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते, परंतु घरोघरच्या विंडोजमध्ये ती सोय ‘विंडोज २०००’ पासून आली. तोवर मराठी लिहिणारांनी युक्ती योजिली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृती बसविलेले फाँट ते वापरीत. संगणक आत इंग्रजीच साठवी. मराठी दिसे ती केवळ फाँटच्या कृपेने. त्यातही प्रत्येक कारखानदाराचा तक्ता वेगळा. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा भलताच. शिवाय या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी येते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. म्हणून नुसती अक्षरास अक्षर अशी अदलाबदल करून भागत नाही. वेलांट्या आणि रफार उचलून योग्य जागी ठेवावे लागतात.

काकांना फोन केला, पण फाँटचे नाव त्यांना आठवेना. अखेर एका छापखान्यातील वृद्ध जुळाऱ्यांनी आपल्या कपाटातून नेमकी तीच आज्ञावली काढून दिली. ती १६-बिटांची, आजच्या ६४-बिट विंडोजवर अशी आज्ञावली चालतच नाही. तेव्हा ‘डॉसबॉक्स’ हा २००२ पासून मोफत मिळणारा एम्युलेटर घेतला, त्यात विंडोज ३.१ बसविले आणि त्यात ही आज्ञावली. रात्री साडेअकराला पहिले पान मराठीत उजळले. बाबा खुर्ची ओढून बसले व मोठ्याने वाचू लागले. आजी ‘बाजार’ म्हणत नाही, ‘संते’ म्हणते. तिची मराठी पुस्तकातील नव्हे. निम्मी कन्नडशी सोयरीक केलेली, या गल्लीतली. काकांनी ती सुधारली नाही, हे त्यांचे उपकार होत.

‘नक्कल ती नक्कलच’ असे म्हणून एम्युलेटरला नाक मुरडणारे संग्राहक आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आपल्या कर्नाटकातच, बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ‘सिंप्युटर’ नावाचा तळहातावर मावणारा संगणक २००१ साली तयार करून दाखविला आणि २००४ साली तो बाजारात आला. इंग्रजी न जाणणाऱ्या खेडुतालाही वापरता यावा, हा त्यामागचा हेतू. त्याच्या ‘अमिदा’ या अवतारास हातातच झुकविले की पान उलटे. ही गंमत टेबलावरच्या पडद्यावर कशी यावी? तिच्यासाठी खरे यंत्रच जपले पाहिजे. पण काचेच्या कपाटात चकाकणारी यंत्रे आणि त्यांच्या शेजारी कोणालाही वाचता न येणाऱ्या फ्लॉपी, ही स्थिती मला तरी शोभादायक वाटत नाही. यंत्र आणि मजकूर यांतून एकच वाचविता येत असेल, तर मी मजकूर निवडीन.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका, वडिलांच्या कविता अशाच अडकून पडल्या असतील. भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी आतील मजकूर उतरवून घ्यावा, आणि कोणता फाँट, कोणती आज्ञावली हे सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. आमच्या जुळाऱ्यांचे वय आज ७८ आहे.

आमच्या सातव्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. तीनदा पुसून घातली, पण खरखरीपलीकडे तिच्यातून काही आले नाही. तिच्यावरील चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात ‘आईचे लग्न’ असे लिहिले आहे. ती अजून त्या बिस्किटांच्या डब्यातच आहे.